माझा तानपुरा आणि त्याचा खरवडायचा भोपळा

अमेरिका पाहून आलेल्या माणसाला आमच्या मिरजेत पहिला प्रश्न नायगाऱ्याचा विचारतात. मी नायगारा पाहिलेला नाही. ती मशाल घेऊन उभी असलेली बाईही पाहिलेली नाही. सात आठवडे मी मिशिगनमधल्या नोव्हाय नावाच्या गावात काढले, आणि त्याला गाव म्हणतोय ते दुसरा शब्द सुचत नाही म्हणून. पार नाही, चौक नाही, कुणाच्या ओट्यावर टेकावं म्हटलं तर ओटा नाही. घरं आहेत, घरांपुढे मोटारी आहेत, आणि त्या मोटारी उभ्या करायला ठिकठिकाणी मैदानं आहेत. प्रेक्षणीय स्थळं हवी असतील त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी वाचावं. माझ्या प्रवासात बर्फ आहे, एक तानपुरा आहे आणि भोपळा खरवडून गाणं होतं असं सांगणारा एक गृहस्थ आहे.

मी तानपुरे करतो. आजोबांनी केले, वडिलांनी केले, मी केले. वय एकाहत्तर. दोन वर्षांपासून उजव्या हाताला कंप आहे. डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव दिलं आणि गोळ्या दिल्या. नाव पाठ झालं, कंप तसाच राहिला. त्या हाताने चौदा महिने खपून मी नातीसाठी, रेवासाठी, एक तानपुरा केला. भोपळा वडिलांनी माळ्यावर वाळवून ठेवलेल्यांपैकी, आता तसला मिळत नाही. हे आपलं शेवटचं वाद्य, हे मला करतानाच माहीत होतं. बाकी कुणाला सांगितलं नव्हतं.

मुलीला, म्हणजे वृंदाला, फोनवर एवढंच म्हणालो की तानपुरा घेऊन येतोय, पण देईन की नाही ते तिथे आल्यावर ठरवीन. कारण रेवा गाते म्हणे, पण कुठल्यातरी बँडमध्ये. लॅटिन, हिपहॉप, रागदारी, सगळं एकत्र. माझा तानपुरा रंगमंचावर शोभेची कुंडी म्हणून ठेवायचा असेल तर तो माझ्याबरोबर मिरजेला परत येणार होता.

डेट्रॉइट विमानतळ

तिथल्या तपासणीवाल्याने पेटी उघडली, भोपळ्यावर बोटाने टिचकी मारली आणि विचारलं, की ही भाजी आहे का. जावई सुहास बाहेर उभा, मी आत एकटा. मी सांगितलं, म्युझिक. त्याने विचारलं, आत बिया आहेत का? तीन पिढ्या आम्ही भोपळे पोखरतोय आणि हा मला बियांचं विचारतो. मी तार छेडली. खर्जाची. सगळ्या तारा प्रवासासाठी सैल केलेल्या, त्यामुळे म्हैस कण्हावी तसा आवाज आला. त्याने घाईघाईने पेटी बंद केली आणि शिक्का मारला.

नोव्हाय

वृंदाचं घर चांगलं आहे, नाही म्हणत नाही. पण त्या घराला आवाज नाही. खिडक्या उघडत नाहीत. जमिनीत जागोजागी लोखंडी जाळ्या बसवलेल्या असतात आणि त्यांतून दिवसभर गरम वारा येतो. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत सुहास हाफ पॅन्टवर. तो मोटारीच्या कंपनीत इंजिनियर आहे. शेजारीपाजारी सगळे पुण्या-नागपूरचे, तेही मोटारींच्याच कंपन्यांत. एकमेकांकडे जायचं तर आधी टेक्स्ट करतात, मग ते कॅन्सल करतात, मग सॉरी म्हणतात. या सगळ्याला तिथे सोशल लाइफ म्हणतात.

माझ्या खोलीत अशी एक जाळी होती. आमच्याकडे वाद्याचा वैरी एकच, ओल. पावसाळ्यात आम्ही वाद्यांच्या कपाटात दिवा जळता ठेवतो, कारखान्यात शेगडी ठेवतो. इथे तर फुकटची शेगडी जमिनीतच होती. मी तानपुरा पेटीतून काढला आणि त्या जाळीच्या शेजारी, भिंतीला टेकवून उभा केला. अमेरिकेतली ही एक गोष्ट मला पसंत पडली होती.

दुसऱ्या दिवशी रेवाचा फोन. ती डेट्रॉइटला राहते, बोलायला अडखळणाऱ्या मुलांना बोलायला शिकवते. म्हणाली, मातेओने निरोप दिलाय, विंटरमध्ये इथली हवा फार ड्राय असते, पेटीत एक ओला स्पंज ठेवा, तो त्याच्या गिटारमध्ये ठेवतो. मातेओ कोण, हे मी वृंदाला विचारलं. फ्रेंड आहे, ती म्हणाली. फ्रेंड हा शब्द तिथे फार कामाचा आहे, त्यात काहीही बसतं. स्पंजचं ऐकून मात्र मला हसू आवरेना. भोपळ्याशेजारी पाणी ठेवा म्हणे. वडिलांनी मला त्या कल्पनेसाठीच थोबाडीत दिली असती.

पहिला शनिवार

रेवाबरोबर मातेओ आला. उंच, काळासावळा, केसांचा अंबाडा, पायांत बर्फाचे बूट. दारातच बूट काढले, तेवढं वळण कुणीतरी लावलं होतं. मला ‘मिस्टर आबा’ म्हणाला. त्याचे वडील पोर्तो रिको बेटावरचे. आई पेरूची, आणि तिचे आजोबा चीनमधून येऊन तिथे दुकान टाकलेले. जन्म डेट्रॉइटचा. मी विचारलं, मग तुमचं संगीत कुठलं? रेवाने विचारून सांगितलं, की सगळंच त्याचं. वडिलांकडचा ताल, आईकडची चाल, आणि डेट्रॉइटची गल्ली. मी मनात म्हटलं, छान. ज्याला एक घराणं झेपत नाही तो चार सांगतो.

मग त्याने पिशवीतून लॅपटॉप काढला, एक छोटा ढोल काढला, आणि एक भोपळा. लांबट, वाळवलेला, तपकिरी, अंगावर ओळीने चिरा पाडलेल्या. त्याला ग्विरो म्हणतात. हातात तारांची फणी घेऊन तो त्या चिरांवरून खरवडू लागला. खर्रर, खरखर, खर्रर, खरखर. आमच्याकडे जळकं पातेलं घासताना हाच आवाज येतो, पण त्याची तिकिटं विकत नाहीत. मी आयुष्यभर भोपळ्याला गायला लावलं आणि या माणसाने त्याची किसणी केली.

रेवा त्यावर गाऊ लागली. पिलू रागातलं काहीतरी होतं. आवाज तिचा गोड आहे, आजीवर गेलाय. पण मी ऐकून घेतलं नाही, पाणी आणायला उठलो. परत आलो तर मातेओ माझ्या खोलीच्या दारात उभा. आत येऊ का, असं खुणेने विचारलं. तानपुऱ्यापाशी उकिडवा बसला, हात न लावता सगळीकडून बघितलं. रेवाने सांगितलं म्हणून मी तारा चढवल्या, काळी चारमध्ये मिळवल्या, घोडीवर तारेखाली सूत सरकवून जवारी, म्हणजे तारेची ती गुंज, दाखवली. त्यानेही एक खुंटी हळूच पिळून पाहिली. मग जमिनीतल्या जाळीकडे बोट केलं आणि रेवाशी बराच वेळ बोलला.

“आबा, तो म्हणतो हे इथून हलवा. प्लीज. खूप डेंजरस आहे यार,” रेवा म्हणाली.

मी म्हटलं, त्याला सांग, की तू तुझं खरवड. तिने हे भाषांतर केलं की नाही माहीत नाही. तानपुरा मी तिथेच ठेवला. खरं सांगायचं तर आणखी दोन बोटं जाळीकडे सरकवला.

डेट्रॉइट, रविवार

पुढच्या आठवड्यात मातेओच्या आईने जेवायला बोलावलं. वाटेत मोठमोठे बंद कारखाने, काचा फुटलेले. मातेओचे आजोबा बेटावरून इथेच मोटारी जोडायला आले होते, सुहासच्याच धंद्यात म्हणायचं, फक्त हाफ पॅन्टशिवाय.

घर लहान आणि माणसांनी भरलेलं. त्या बाईने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि स्वयंपाकघरातच बसवलं. मी मांस खात नाही हे कळल्यावर तिने नवं पातेलं विकत आणलं होतं. ते तिने मला दाखवलं, तळाला लेबल चिकटलेलं तसंच. पानात काय आलं? तुरीचे हिरवे दाणे घालून केलेला भात. मी बघतच राहिलो. आमच्याकडे पौषात शेतावरून ओल्या तुरी आल्या की हाच भात होतो. तिला फोडणी ठाऊक नव्हती, हिंग ठाऊक नव्हता, मिरची तर घरात असावी असं वाटलं नाही. पण तूर ती तूरच. सोबत कच्च्या केळ्याचे काप, ठेचून दोनदा तळलेले. हा भात तिच्या पेरूमधला नव्हे, सासूकडून शिकलेला. नको म्हटलं की ती आणखी वाढायची, तेवढं मात्र अगदी मिरजेसारखं.

दुपारी नोव्हायला परतलो, रेवाही बरोबर आली. मी खोलीत गेलो आणि दारातच थांबलो.

भोपळा उभा चिरला होता. तोंडावर बसवलेल्या लाकडी तबलीच्या कडेपासून खाली, वीतभर. तबलीचा सांधाही एका अंगाने उघडला होता. मी चिरेवरून बोट फिरवलं. भोपळ्याची ती बाजू गरम होती. जाळीतून वारा येतच होता. मला एका क्षणात सगळं कळलं. ओलीला घाबरणारा मी कोरड्या हवेने मेलो होतो, आणि एका लॅपटॉपवाल्याने मला दोनदा सांगितलं होतं. मी पायाने पटकन पेटी ढकलून त्या जाळीवर ठेवली.

मागून वृंदा आली, रेवा आली. रेवाने तोंडावर हात धरला. हे कसं झालं, असं वृंदाने विचारलं. रेवा गाणार होती त्या इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला सहा दिवस उरले होते.

आणि मी म्हणालो, “त्याने खुंटी पिळली होती ना त्या दिवशी. ताण जास्त झाला.”

हे वाक्य मी लिहितो आहे कारण प्रवासवर्णनात खरं लिहावं असं म्हणतात. तार चढवलेली मी, मिळवलेली मी. त्याने पाव वेढाही दिला नव्हता. मला लाज वाटली, पण ती गिळता येण्याइतकी होती. रेवाने बाहेर जाऊन मातेओला फोन केला. काचेतून दिसत होतं, बर्फात कोटाशिवाय उभी राहून रडत होती. आत आली आणि म्हणाली, ही सेज सॉरी. तो सॉरी म्हणतोय, आबा.

मंगळवार

कामावरून सुटून मातेओ रेवाला घेऊन संध्याकाळी सरळ आला. हातात चिकटवायच्या सरसाची पुडी. गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून आणली होती. तोच जनावरी सरस, तोच आमच्या कारखान्यातला घाण वास. वृंदाने खिडकी उघडायला धाव घेतली आणि ती उघडत नाही हे तिला आठवलं.

मी सांगितलं, की सरस ठीक आहे, पण आतून ठिगळ लावायला भोपळ्याचा तुकडा लागतो, आणि तो जुना, मुरलेला लागतो. नोव्हायच्या दुकानात भोपळे मिळतात ते सूप करायचे. मातेओने पिशवीत हात घातला आणि ग्विरो टेबलावर ठेवला.

मी हातात घेतला. पहिल्यांदाच. मागच्या बाजूला जुना तडा होता, तारेने शिवलेला. अंग मात्र कणखर, पन्नास-साठ वर्षं वाळलेलं. आजोबांनी बेटावरून आणलेला. कापल्यावर वाजवायला काही उरणार नाही, असं मी म्हटलं. त्याने मान डोलावली.

तबली उघडायला वेळ लागला नाही, अर्धी सुटलेलीच होती. ती उचलली आणि मातेओने आत मोबाइलचा उजेड पाडला. दांडीखाली, भोपळ्याच्या आतल्या अंगाला, पेन्सिलीने लिहिलेलं होतं. आम्ही कारागीर बंद करण्याआधी आत नाव घालतो. तो रेवाला विचारू लागला, काय लिहिलंय? रेवाला मराठी वाचायचं म्हणजे अक्षरं उचलून ठेवावी लागतात. तिने माझं नाव वाचलं. मग तिचं स्वतःचं नाव वाचलं. मग खालचा शब्द, एकेक अक्षर.

“शे... व... ट... चा. शेवटचा? आबा, व्हॉट इज शेवटचा?”

मी माझा उजवा हात टेबलावर ठेवला. तो आपलं काम करू लागला. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग तिने तो आपल्या हाताखाली धरला.

करवत अर्थातच मातेओला धरावी लागली. मी सांगायचं, रेवाने भाषांतर करायचं, त्याने कापायचं. धरायची पद्धत भयंकर, कोपर हवेत. तीनदा थांबवलं. कापता कापता तो सांगू लागला, की हा जुना तडा कसा पडला. तो नऊ वर्षांचा होता. आजोबा खुर्चीवर बसले आणि खुर्चीत ग्विरो होता. आजोबांनी घरात सगळ्यांना सांगितलं, की पोराने फोडला. आईने त्याला मारलं. खरं काय ते त्या दोघांनाच माहीत.

“मरेपर्यंत बोलले नाहीत,” रेवाने शेवटचं वाक्य सांगितलं. “मी वाट बघत होतो, असं म्हणतोय तो.”

तो माझ्याकडे बघत नव्हता. करवतीकडे बघत होता. मला टोमणा मारला की सहज बोलला, अजून माहीत नाही. मी रेवाला म्हटलं, त्याला सांग, खुंटीने काही झालेलं नाही. मी जाळीशेजारी ठेवला होता. त्याने सांगितल्यावर आणखी जवळ सरकवला. मग मी तुझ्याशी खोटं बोललो.

रेवाने हे लगेच सांगितलं नाही. आधी माझ्याकडे नीट पाहिलं. तिचे डोळे असे मी कधी पाहिले नव्हते, मला कुठे बघावं कळेना. मग तिने त्याला सांगितलं. मातेओ म्हणाला, आय नो. पेटी त्या जाळीवर ठेवलेली त्याने आल्याआल्याच पाहिली होती. एवढं बोलून त्याने विचारलं, की तुकडा किती रुंद हवा.

ठिगळ बसलं. रेवा म्हणाली, तो शब्द पुसू या ना. मी म्हटलं, आत लिहिलेलं पुसत नाहीत. तबली बंद केली.

शनिवार, मंडळाचा तिळगूळ

शाळेचं सभागृह भाड्याने घेतलेलं. अध्यक्षांचं भाषण पंचवीस मिनिटं, त्यात संस्कृती हा शब्द इतक्यांदा आला की शेजारच्या काकू झोपल्या. मुलांनी तिळगूळ घ्या गोड बोला म्हणून दाखवलं, त्याचा अर्थ त्यांना इंग्रजीत सांगावा लागला. जेवणाच्या रांगेत गुळाच्या पोळीशेजारी पिझ्झा. पैठण्या नेसलेल्या बाया आणि त्यांच्या पायांत बर्फाचे बूट. माझ्या तोंडून एकही बरा शब्द निघाला नाही याची वृंदा साक्ष देईल.

शेवटी रेवा. तानपुरा तिने स्वतः मांडीवर घेतला. मातेओकडे खरवडायला काही उरलं नव्हतं, तर या बहाद्दराने मंडळाच्या स्वयंपाकघरातली खोबऱ्याची किसणी उचलली आणि काट्याचमच्याने वाजवायला बसला. मी कपाळाला हात लावला.

तानपुरा लागला. दुरुस्तीनंतर आवाज थोडा बसका झाला होता. जवारी मी सकाळीच पुन्हा काढली होती, कापऱ्या हाताने जमेल तेवढी. रेवाने पिलू घेतला, आणि किसणी त्याखाली हळूच चालू लागली. वर येत नव्हती. रेवा श्वास घेई तिथे किसणी थांबत होती. माझा बाप तबलजींना हेच ओरडून सांगायचा, गाणाऱ्याच्या श्वासावर पाय देऊ नकोस. मी डोळे मिटून ऐकलं. मधेच लॅपटॉपमधून धडाड्धूम आलं तेव्हा उघडले. ते मला आवडलं नाही आणि आवडणारही नाही. मातेओला मी तसं स्पष्ट सांगितलं, रेवाने भाषांतर केलं, आणि तो मिस्टर आबा म्हणून हसला. तानपुरा तिथेच ठेवून आलो.

मिरज

रिकाम्या पेटीतून मी ग्विरोचा उरलेला तुकडा आणला. चिरा पाडलेली बाजू. तो आता समोर ठेवलाय, मापासाठी.

माळ्यावर वडिलांचा आणखी एक भोपळा निघाला. लांबट, तानपुऱ्याला निरुपयोगी, म्हणून तेवीस वर्षं तिथे पडून होता. त्यावर मी चिरा पाडतो आहे. दिवसाला चार-पाच पडतात, त्यातल्या दोन वाकड्या. गल्लीतले कारागीर येऊन बघून जातात. हे काय आबा, भोपळा खरवडायला कधीपासून लागलात, असं विचारतात, नाक मुरडून. तुम्हाला कळायचं नाही, असं सांगून मी त्यांना वाटेला लावतो. पोर्तो रिको, पेरू, चीन हे सगळं कोण समजावत बसणार?

अमेरिकेत मी एकदा खोटं बोललो, ते कबूल केलं. पण हा ग्विरो झाला की नोव्हायच्या त्या तानपुऱ्यात लिहिलेला तो शब्दही खोटा ठरेल. दुरुस्त करायचा तर तबली पुन्हा उघडावी लागेल. मी काही उघडणार नाही.